चित्र आधी, संकेतस्थळ मागाहून

मुळशी तालुक्यातल्या नांदे गावाहून एका वाचक भगिनीचं सहा पानी पत्र आलं आहे. पापड, पडदे आणि पाठदुखीच्या पत्रांत असं एखादं निघालं की मला फार बरं वाटतं. या भगिनींनी पन्नाशी ओलांडली आहे. मुलं मार्गाला लागली, सासूबाईंचं दुखणंखुपणं निभावलं, आणि लग्नाआधी हातून सुटलेला कुंचला त्यांनी पुन्हा धरला. त्याला आता नऊ वर्षं झाली. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, तेव्हा आपण त्यांना नुसतं ताई म्हणू.

ताईंनी विचारलं आहे ते असं. स्वतःच्या चित्रांचं संकेतस्थळ, म्हणजे सगळे वेबसाइट म्हणतात ती, काढावी का? खर्च किती येतो? चित्रं कुणी चोरणार नाही ना? किंमत लिहावी की नको? प्रश्न चोख आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे देतेच. पण पत्राच्या पाचव्या पानावर, जिथे शाई बदललेली दिसते, तिथे खरी गोष्ट आहे.

नांदे हे सूस, लवळे, चांदे, म्हाळुंगे या गावांच्या शेजारचं गाव. बालेवाडी, हिंजवडी काही लांब नाही. पुणं त्या अंगाला कसं सरकत चाललं आहे ते तिकडच्या मैत्रिणींना मी सांगायला नको. ताई गावाबाहेरच्या एका बांधावर बसून समोर दिसणारा एकच तुकडा सहा वर्षं रंगवताहेत. आधी तिथे भाताची खाचरं होती. आषाढात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग पेंढ्याच्या गंजी. एका वर्षी लावणी झालीच नाही, बांध सपाट झाले. मग चुन्याच्या फक्कीच्या रेघा आल्या, प्लॉटचे दगड आले, पत्र्याचं कुंपण आलं आणि आता तिथे पोकलेन उभा आहे. अशी एकतीस जलरंगचित्रं ताईंकडे आहेत.

त्यांतली तीन त्यांनी फोनवरून लोकांना दाखवली. पाचसहा जणांनी 'छान' म्हटलं, तेही घरच्यांनीच. पुढे हौसेनं एक गणपती आणि एक फुललेला पळस काढून टाकला, तर शेकड्यांनी बदाम आले आणि चार मागण्याही आल्या. तेव्हापासून भाचा म्हणतो, मामी, रोज एक टाकत जा, नाहीतर लोक विसरतील. आता सकाळचे जे दोन तास बांधावर जात होते, ते फोनच्या पडद्यासमोर जातात. दिवाळीनंतर ताई बांधावर गेलेल्याच नाहीत. आणि त्या विचारतात, ती शेताची चित्रं म्हणजे माझं खूळच होतं का?

नाही हो ताई, मुळीच नाही. उलट संकेतस्थळ काढायचं असेल तर ते त्या एकतीस चित्रांसाठीच काढा. गणपतीला आणि पळसाला फोन पुरे आहे.

असं का म्हणते ते सांगते. फ्रान्समध्ये क्लोद मोने नावाचा चित्रकार होऊन गेला. त्यानं १८९० च्या सुमारास घराजवळच्या शेतातल्या गंजी रंगवायला घेतल्या. गंजी त्याच, पण कधी सकाळच्या, कधी उतरत्या उन्हातल्या, कधी बर्फाखालच्या. अशी पंचवीस एक चित्रं झाली. १८९१ च्या मे महिन्यात पॅरिसला त्यांतली पंधरा त्यानं एकत्र मांडली. एकच चित्र पाहणाऱ्याला वाटावं, काय हा पेंढ्याचा ढीग! पण पंधरा शेजारी शेजारी लागली की पाहणाऱ्याचं लक्ष गंजीवरून उडून उजेडावर जातं. तुमच्या एकतीस चित्रांचंही तसंच आहे. एकेकट्या चित्रात एक साधं शेत आहे. ओळीनं लावली तर त्यांत एका गावाचं काय झालं ते आहे, आणि ते सांगायला तुम्हाला एक अक्षर लिहावं लागणार नाही.

फोनवरचं चित्र वाहत्या पाण्यात सोडलेल्या दिव्यासारखं असतं, आलं आणि गेलं. आजचं उद्या दिसत नाही, आणि कुठल्या चित्रानंतर कुठलं दिसावं ते तुमच्या हाती नसतं. संकेतस्थळावर मात्र भिंत तुमची, खिळे तुमचे आणि क्रमही तुमचाच. पहिल्या लावणीपासून पोकलेनपर्यंत तारीखवार चित्रं लावा, खाली महिना आणि साल एवढंच लिहा. कुणी तरी निवांत बसून ती सगळी पाहील. अशी दहा माणसं भेटली तरी ती त्या शेकडो बदामांपेक्षा जवळची म्हणायची.

आता त्या दोन तासांचं बोलू, कारण ते गेले तर संकेतस्थळावर लावायचं काय? ताईंनी आपली पद्धत ओझरती लिहिली आहे, पण मला ती फार आवडली. सकाळी सातला बांधावर जायचं, पेन्सिलीनं पोस्टकार्डाएवढं रेखाटन करायचं, आणि कडेला रंगांची नावं लिहून ठेवायची. 'बांध गेरूत थोडा निळा', 'पत्रा आभाळापेक्षा उजळ' अशी टिपणं. मग घरी येऊन कुकर लावायचा, डबे भरायचे, आणि दुपारी घर शांत झालं की आठवणीतून रंगवायचं. ताईंना वाटतं ही नाइलाजाची रीत आहे, वेळ मिळत नाही म्हणून पडलेली. मला वाटतं त्यांच्या चित्राचं मर्मच इथे आहे. मधल्या पाचसहा तासांत फालतू तपशील गळून पडतो आणि डोळ्यात जे उरतं तेवढंच कागदावर उतरतं. ही रीत सोडू नका. सकाळचे दोन तास सोवळ्यातले समजा, त्यांना फोनचा हात लागू देऊ नका. भाच्याला प्रेमानं सांगा, बाबा रे, रोज काही जमायचं नाही, महिन्यातून एकदा. तो दिवस ठरवून टाका. मी तर म्हणेन संकष्टी धरा. नाहीतरी चंद्रोदयाची वाट पाहत बसायचंच असतं.

आणि ती टिपणांची चिठोरी टाकून देत असाल तर आजपासून टाकू नका. तारीख घालून एका फाइलीत लावा. संकेतस्थळावर एखाद्या चित्राशेजारी त्याचं चिठोरं ठेवलं तर पाहणाऱ्याला चित्र कसं झालं ते उमगतं. कृती उघड केली तर लोक नक्कल करतील ही भीती बाळगू नका. पुण्याचे मिलिंद मुळीक शिक्षणानं इंजिनिअर, पण नाव झालं जलरंगात. त्यांनी आपली रंगवण्याची रीत पायरीपायरीनं दाखवणारी पुस्तकं लिहिली आणि ज्योत्स्ना प्रकाशनानं ती काढली. शेजारणीला आपल्या आमटीची कृती सांगितली म्हणून आपल्या हाताची चव काही ती घेऊन जात नाही.

मुळशीचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच. जलरंगाचा कागद त्या दिवसांत सर्दावतो, रंग वाळत नाही आणि कडा नको तिथे पसरतात. पाणी कमी घ्या, जाड कागद वापरा, आणि रंगवलेले कागद लोखंडी कपाटात भिंतीला लावून ठेवू नका. दोन कागदांत बटरपेपर घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, जमिनीपासून वर ठेवा. श्रावणात एखादा कोरडा दिवस मिळाला की सावलीत वारा द्या, ऊन नको. बुरशीचे तांबूस ठिपके एकदा कागदात शिरले की घरच्या उपायांनी निघत नाहीत. गणपतीची मागणी तैलरंगात करत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना तापतं आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाका. टर्पेंटाइनचं भांडं स्वैपाकघरात नको, हे काय सांगायला हवं?

आता संकेतस्थळाकडे वळू. चार पानं खूप झाली. पहिल्या पानावर एकच चित्र आणि तुमचं नाव. दुसऱ्यावर शेताची मालिका. तिसऱ्यावर विकायची चित्रं, आणि चौथ्यावर तुमच्याविषयी चार ओळी व पत्ता विचारण्याची सोय. फिरती अक्षरं, वाजती सनई, उडती फुलपाखरं असलं काही बनवणारा मुलगा सुचवेल, त्याला नको म्हणा. चित्रांच्या भिंतीला पांढरा रंगच शोभतो.

खरी काळजी घ्यायची ती नावाची. संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, वर्षावर्षाच्या भाड्यानं मिळतं. भाडं साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर असतं, मात्र पहिल्या वर्षी स्वस्तात देऊन दुसऱ्या वर्षी वाढवतात, तेव्हा पुढच्या वर्षांचा दर आधी विचारा. २०१४ पासून देवनागरी अक्षरांतही '.भारत' असं शेपूट लावून नाव घेता येतं. हौस म्हणून तेही घ्या, पण रोमन अक्षरांतलं एक हवंच, सगळीकडे तेच चालतं. चित्रं ठेवायच्या जागेचं भाडं वेगळं. एवढ्या लहान कामाला तयार साचे देणारी ठिकाणंही आहेत. सुरुवातीला फुकटची घेतलीत तरी हरकत नाही. नाव मात्र पैसे भरून घ्या.

आणि ते घ्यायचं कुणाच्या नावावर? ताई लिहितात, भाचा म्हणतो माझ्याच खात्यातून करतो, मामी, तुम्हाला कटकट नको. भाचा गुणी आहे यात शंका नाही. पण नांद्यात राहणाऱ्या बाईला सातबाऱ्याचं महत्त्व मी काय सांगावं! डोमेनची नोंद हा संकेतस्थळाचा सातबारा आहे. जमीन भाच्याच्या नावावर आणि घर तुमचं, असं चालेल का? उद्या त्याची नोकरी परदेशात लागली, फोन बदलला, भाडं भरायची आठवण देणारं पत्र त्याच्या जुन्या खात्यावर जाऊन पडलं, तर मुदतीनंतर ते नाव दुसरं कुणीही उचलतं. तेव्हा नोंद तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर करून घ्या. परवलीचे शब्द एका वहीत लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवा. भाडं भरायची तारीख कालनिर्णयाच्या पानावर लाल पेननं टिपा. काम भाच्यानं करावं, मालकी तुमच्याकडे असावी. त्याच्या हाती चार पैसेही ठेवा, म्हणजे त्यालाही ते काम वाटेल.

मालकीवरून एक जुनी हकिगत सांगते, ती तुमच्या शेजारच्या मावळ तालुक्यातलीच आहे. राजा रविवर्मा यांनी आपली चित्रं घरोघरी पोचावीत म्हणून १८९४ मध्ये मुंबईला स्वतःचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. आपल्या आज्यांच्या देवघरात जी लक्ष्मी आणि सरस्वती होती, ती बहुधा तिथलीच. चित्रकारानं मधल्या दलालाला वगळून थेट लोकांच्या भिंतीपर्यंत जावं, हा विचार तेव्हाही होता, बरं का! पण चित्रं काढणं वेगळं आणि छापखान्याचा हिशेब वेगळा. कर्ज झालं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना तिथेच काम करणाऱ्या फ्रित्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. त्याबरोबर चित्रं छापण्याचे हक्कही गेले. रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांच्या नावाचा छापखाना त्यांच्यामागे कितीतरी वर्षं चालला आणि १९७२ मध्ये आगीत जळाला. चित्रावर नाव रविवर्म्यांचं आणि छापायचा अधिकार दुसऱ्याचा, अशी स्थिती होती.

उलट उदाहरणही आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' वार्षिक सुरू केलं, आणि आपली रंगीत चित्रं आपल्याच अंकातून मराठी घरांत पाठवली. अजून कित्येक घरांतल्या माळ्यावर ते अंक सापडतील. आपली जागा आपल्या हाती ठेवण्याची ती त्या काळातली रीत म्हणा ना.

हक्कांचं निघालं आहे तर ताईंच्या दुसऱ्या दुखण्याकडे येते. गेल्या वर्षी एका बांधकाम व्यावसायिकानं नमुन्याच्या सदनिकेत लावायला त्यांची दोन चित्रं विकत नेली. पुढे ताईंना आपलंच चित्र त्यांच्या माहितीपुस्तिकेवर छापलेलं दिसलं, आणि तेही खालची सही कापून! विचारलं तर उत्तर मिळालं, पैसे दिलेत की बाई तुम्हाला.

दिलेत, पण कशाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकणं आणि ते छापण्याचा हक्क देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुम्ही आधीच काढून ठेवलेलं चित्र कुणी विकत नेलं तर तो कागद त्याचा झाला, भिंतीवर लावायला तो मोकळा आहे. छापायचा हक्क तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि तुमच्यानंतर साठ वर्षं वारसांकडे. तो द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. यासाठी कुठे नोंदणी केलेली असलीच पाहिजे असंही नाही. मात्र एक पाचर आहे. कुणी मोबदला ठरवून मागणीवरून तुमच्याकडून चित्र काढून घेतलं, आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला हक्क मागणी देणाऱ्याकडे जातो. तुमची ती दोन चित्रं आधीची होती की त्यांनी सांगून काढून घेतलेली, ते पत्रावरून नीटसं कळत नाही. आधीची असतील तर विक्रीची पावती आणि पुस्तिकेची प्रत घेऊन वकिलाकडून एक साधी नोटीस पाठवा. भांडणाचा सूर नको, छापल्याचं मानधन आणि सहीसकट नाव एवढंच मागा. आणि यापुढे पावतीवर एक ओळ घालत जा: 'चित्र विकले आहे, छापण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील.' मागणीचं काम घेताना तर ही ओळ आधी लिहून त्यांची सही घ्या, मग रंग कालवा.

चोरीचं म्हणाल तर संकेतस्थळावरचं चित्र कुणीच उचलणार नाही असा बंदोबस्त कुणालाही करता येत नाही. लहान आकाराचं चित्र ठेवा, लांब बाजूला बाराशे ते पंधराशे बिंदू पुरेत. पडद्यावर छान दिसतं आणि मोठं छापलं तर फाटतं. मोठा मूळ फोटो घरी दोन ठिकाणी जपून ठेवा. चित्रावर आडवी जाड अक्षरं घालून त्याचा चेहरा विद्रूप करू नका.

फोटोचं तंत्र अवघड नाही. चित्र काचेतून बाहेर काढा, ढगाळ दिवशी किंवा उन्हाची तिरीप येत नाही अशा ओटीवर भिंतीला ताठ टेकवा, आणि फोन चित्राच्या बरोबर मध्यासमोर, समांतर धरा. वरून वाकून घेतलात तर चौकटीची पाचरट होते. फ्लॅश नको. शेजारी एक पांढरा कोरा कागद ठेवा. फोटोत तो पिवळा किंवा निळा दिसला तर रंग बिघडले आहेत असं समजा. तैलचित्र चमकत असेल तर उजेड दोन्ही बाजूंनी तिरका येऊ द्या.

फोटो काढला की त्याच बैठकीत वहीत नोंद करा. चित्राचं नाव, साल, माध्यम, मोजमाप, कुणाकडे गेलं, किती रुपयांना. ही वही म्हणजेच तुमचं खरं संकेतस्थळ, बाकीचं तिच्यावरून उतरवलेलं. नोंद कशाला, असं वाटत असेल तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र आठवा. हातात दिवा धरून उभी असलेली, बोटांतून लालसर उजेड झिरपणारी स्त्री. पर्यटनाला गेलेल्या किती जणी सांगत येतात, रविवर्म्याचं चित्र पाहिलं! ते रविवर्म्याचं नव्हेच. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर या सावंतवाडीकडच्या मराठी चित्रकाराचं जलरंगचित्र आहे, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. गीताबाई उपळेकर २०१८ मध्ये एकशे दोन वर्षांच्या होऊन गेल्या. एवढं गाजलेलं चित्र, तरी नाव दुसऱ्याचं घेतात. मग आपल्यासारख्यांच्या चित्रांचं काय होईल? सही करा, मागच्या बाजूला नाव, साल आणि गाव लिहा. कागदावर लिहिताना पेन्सिलीनं लिहा, शाई पुढे उतरते.

सांभाळणारं माणूसही लागतं. बॉम्बे स्कूलचे प्रसिद्ध चित्रकार म. वि. धुरंधर यांच्यामागे त्यांची चित्रं, कागदपत्रं त्यांच्या कन्येनं, अंबिका धुरंधरांनी जपली. त्या स्वतः जे. जे. मध्ये शिकलेल्या चित्रकार होत्या. १९१२ चा त्यांचा जन्म, २००९ ला गेल्या. आपल्या घरात असं कोण आहे ते पाहून त्याला ही वही कुठे असते ते सांगून ठेवा.

किमतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लिहा. 'विचारा' म्हटलं की बाईमाणूस संकोचून विचारतच नाही, आणि विचारणारा घासाघीस करायलाच येतो. चौरस इंचावर दर ठरवणं सोपं. समजा वीस रुपये इंच धरलात, तर बारा बाय सोळाच्या चित्राचे १९२ इंच, म्हणजे ३,८४० रुपये, चौकट वेगळी. दर कमी-जास्त तुम्ही ठरवा, पण घरी एक, प्रदर्शनात एक, असं करू नका. कलादालनं विक्रीतला मोठा हिस्सा, पुष्कळदा तिसरा किंवा त्याहून जास्त घेतात, तो धरूनच दर बांधा. शेताची मालिका मात्र सुटी विकू नका असं मला वाटतं, निदान इतक्यात तरी. एखादं घर, एखादी संस्था, एखादं महाविद्यालय ती सबंध घेईल. नाही घेतली तर तुमच्या घरात राहील.

चौथ्या पानावर घरचा पत्ता आणि नेहमीचा फोन नंबर घालू नका. एक वेगळं ईमेल ठेवा, तेवढं पुरे. परदेशातून कुणी लिहिलं की चित्र फार आवडलं, ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवतो, वरची रक्कम आमच्या वाहतूकवाल्याला द्या, तर उत्तरच देऊ नका. चित्रकारांना फसवण्याचा हा सरावाचा डाव आहे. तसंच पैसे पाठवायचे म्हणून कुणी चौकोनी कोड पाठवला आणि पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. विक्री परराज्यात होऊ लागली तर जी.एस.टी.चं करसल्लागाराला आधी विचारून घ्या. कागदावरचं चित्र पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, चित्राला लागून बटरपेपर आणि सगळ्यांत बाहेर प्लास्टिक. काच लावून पाठवू नका, चौकट तिकडे करू द्यात.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, जो ताईंनी समासात बारीक अक्षरात लिहिला आहे. वन्सं म्हणतात, नव्या घराच्या दिवाणखान्यात तुझं ते गंजीचं चित्र दे, घरच्या माणसाला काय विकणार आहेस? ताईंची पंचाईत अशी की ते चित्र मालिकेतलं सातवं आहे. वन्संना नाराज करू नका. त्यांना दिवाणखाना दाखवायला सांगा, भिंतीचं माप घ्या, पडद्यांचा रंग पाहा, आणि त्या भिंतीसाठी नवं चित्र काढून द्या. सोफ्याशी जुळलेलं चित्र मिळालं की त्या खूश होतील. मागे पेन्सिलीनं नाव, साल, गाव आणि 'वन्संस सप्रेम' असं लिहा, फोटो काढा, वहीत नोंद करा. सातवं चित्र सहाव्या आणि आठव्याच्या मध्येच राहू द्या. आणि हा अंक हाती पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जा, पोकलेननं किती खणलं आहे ते बघून या.